ती ‘नको’ म्हणते तेव्हा थेरपिस्ट थांबतात, मग म्युझिक थेरपीत होतं काय?

भांडुपच्या एका आईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी २६ वर्षांची आहे. डाउन सिंड्रोम, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता. दोन-तीन शब्दांत बोलते, गाण्यात रमते. दर शनिवारी दादरच्या एका केंद्रात म्युझिक थेरपीला जाते. आधीच्या बाईंनी तिच्याकडून १२ गाणी बसवून घेतली होती. वार्षिक कार्यक्रमात ती गायली तेव्हा घरच्यांना भरून आलं. आता नव्या थेरपिस्ट आल्या आहेत. त्या तिला विचारतात, ‘आज काय घेऊया?’ ती ‘नको’ म्हणाली तर वाद्य खाली ठेवतात. कधी कधी पाच-पाच मिनिटं दोघी नुसत्या बसलेल्या असतात. चार महिन्यांत एक नवं गाणं झालेलं नाही आणि घरी मात्र ‘नको’ वाढलंय. ‘आम्ही फी भरून हट्टीपणा शिकवतोय का? त्यापेक्षा एखादा ठरावीक राग रोज ऐकवला तर फायदा होईल का?’

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी नव्या थेरपिस्टचं काम योग्य दिशेनं चाललंय असं मला वाटतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर मुंबईत बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय: संगीतोपचारातून या व्यक्तींना सगळ्यात मोलाचं काय मिळत असेल, तर आपण ठरवलं आणि तसं घडलं हा अनुभव.

तुमच्या लेकीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. उठायचं कधी, अंगात काय घालायचं, डब्यात काय, टीव्हीवर काय लावायचं, केस किती कापायचे, कोणाच्या लग्नाला जायचं, हे कोण ठरवतं? सगळं मायेपोटीच होतं, त्यात शंका नाही. पण २६ वर्षं असं चाललं की माणूस ठरवायचं सोडूनच देतो. काही विचारलं की आधी आईच्या तोंडाकडे बघतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रौढांची पहिली सवय हीच असते. हातात डफ दिला तरी वाजवायच्या आधी दाराकडे नजर जाते, आई हो म्हणतेय का ते बघायला.

आता यात संगीत कुठे बसतं ते सांगते. ज्याला अमूर्त विचार अवघड जातो, त्याच्यासाठी बहुतेक निवडींचे परिणाम फार लांब असतात. आज कामाचं ठिकाण निवडलं तर ते आवडलं की नाही हे कळायला महिने जातात. वाद्याचं तसं नाही. तिनं थाप मारली, आवाज आला. हात थांबला, आवाज थांबला. ती हळू झाली आणि समोरचा माणूसही तिच्याबरोबर हळू झाला. आपल्या ठरवण्याचा परिणाम त्याच क्षणी कानावर येतो, आणि तो समजायला शब्द लागत नाहीत.

या पद्धतीचं मूळ बरंच जुनं आहे. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरशर भागात, सनफील्ड नावाच्या निवासी केंद्रात, अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि तिथले विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी अपंग मुलांबरोबर एकत्र काम सुरू केलं. नॉर्डॉफ पियानोवर बसत, पण मुलाला ठरलेली चाल शिकवत नसत. मुलाचं रडणं, हुंकार, ढोलावरची वेडीवाकडी थाप, जे काही येईल ते उचलून त्याच क्षणी त्याचं संगीत करत. आपल्याकडे हे समजायला मैफलीतली साथ आठवा. पेटीवाला गायकाच्या मागून जातो, गायिका कुठे वळणार याकडे त्याचा कान असतो, ती थांबली तर तोही थांबतो. तुमच्या नव्या थेरपिस्ट साथीला बसल्या आहेत. आधीच्या बाई शिकवायला बसल्या होत्या.

ती १२ गाणी वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. डाउन सिंड्रोममध्ये तोंडाचे स्नायू सैल असतात, उच्चार अस्पष्ट राहतात, आणि पाहिलेल्यापेक्षा ऐकलेलं लक्षात ठेवणं जास्त जड जातं. असं असताना १२ गाण्यांचे शब्द चालीसकट पाठ करणं ही तिची खरी कमाई आहे. श्वास सुधारला असेल, मंचावर उभं राहण्याची हिंमत आली असेल. पण त्या १२ पैकी किती गाणी तिनं निवडली होती? पट्टी कोणी ठरवली? दमली तर मध्येच थांबायची मुभा होती का? कार्यक्रमाला उभं राहायचं की नाही, हे तिला कोणी विचारलं होतं? गाण्याची शिकवणी ही चांगलीच गोष्ट आहे. तिला आवडत असेल तर वेगळी शिकवणी जरूर लावा. थेरपीत मात्र मोजायची गोष्ट निराळी असते.

सेशनमध्ये काय चालतं त्याचं एक उदाहरण देते. मी ढोलकीवर सोपा ठेका धरते आणि आवर्तन संपताना समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, थाप तिच्यासाठी मोकळी सोडते. किंवा तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेते, दोनदा पूर्ण वाजवते आणि तिसऱ्यांदा शेवटचा ‘धा’ तिच्या हातात देते. लहानपणापासून आरत्या, भजनं, बेंजो ऐकत वाढलेल्या माणसाला ती रिकामी जागा अक्षरशः ओढते. बोलता न येणाऱ्यांचेही हात तिथे बरोबर पडतात. पालक पाहत असले तर टाळ्या वाजवतात. पण हे अजून ठरवणं झालेलं नाही. इथे तिचा हात तालानं ओढून नेलाय. ठरवणं त्याच्या पुढे सुरू होतं. ती एखाद्या दिवशी सम मुद्दाम सोडून देते आणि माझ्याकडे बघते. किंवा मला वाट बघायला लावते, आणि मग हसून थाप देते. किंवा ढोलकी सरकवून घुंगरू उचलते. अशा वेळी मी ‘चुकलं, परत’ म्हटलं तर सगळं संपलं. मी तिच्यामागे गेले, उशिरा आलेल्या थापेलाच सम मानून पुढचं आवर्तन तिथून सुरू केलं, तर तिला कळतं की इथे माझ्या म्हणण्यानं काहीतरी हलतं.

त्या पाच मिनिटांच्या शांततेचंही असंच. प्रश्न कानावर पडून, समजून, उत्तर जुळून तोंडाशी यायला तिला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत प्रश्न परत विचारतो, तिसऱ्या सेकंदाला उत्तरही आपणच देतो. थेरपिस्ट थांबतात, कारण ती जागा तिच्या उत्तराची आहे. हां, पाच मिनिटं म्हणजे खरंच पाच मिनिटं असतील आणि दर आठवड्याला तसंच होत असेल, तर थेरपिस्टनं विचारण्याची रीत बदलायला हवी. ‘काय घेऊया?’ हा फार उघडा प्रश्न आहे. दोन वाद्यं समोर ठेवून विचारणं, चित्रं दाखवणं, दोन चाली थोड्या-थोड्या वाजवून दाखवणं सोपं पडतं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो नावाचं मोफत ॲप मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते शब्द बोलतं. बोलता येत असलं तरी अशा आधाराचा तिला फायदाच होईल. चित्रं वापरली की बोलणं बंद होईल ही पालकांची भीती मी सतत ऐकते. ती निराधार आहे.

आता ‘नको’बद्दल. हाच तुमच्या पत्राचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

संशोधक कॅरोल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती प्रश्न नीट कळला नाही तरी ‘हो’ म्हणण्याकडे फार झुकतात. एकच गोष्ट उलटसुलट विचारली तरी दोन्हींना ‘हो’. दोन पर्याय दिले तर पुष्कळदा शेवटचा उचलतात. हे घरी आजच तपासून पाहता येईल. ‘चहा हवा की दूध?’ विचारा, आणि थोड्या वेळानं ‘दूध हवं की चहा?’ असं विचारा. उत्तर बदललं तर ती निवडत नव्हती, शेवटचा शब्द परत देत होती. हे ‘हो’ आपल्याला सोयीचं असतं म्हणून आपण त्याला गुणीपणा म्हणतो. ‘फार गुणी आहे, कशाला नाही म्हणत नाही’ हे वाक्य प्रत्येक केंद्राच्या प्रतीक्षाकक्षात ऐकू येतं, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. मोठ्या माणसाला कधीच नकार द्यायचा नाही असं जिच्या अंगवळणी पडलंय, तिला नको असलेला हात दूर ढकलायचा तर ती काय करेल? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींना आणि बायकांना लैंगिक अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो, आणि तो बहुतेकदा ओळखीच्यांकडूनच असतो. ‘नको’ म्हणणं आणि ते ऐकलं जाणं, याचा सराव तिला कुठेतरी सुरक्षित जागी मिळायला हवा. ढोलकी नको म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. म्हणूनच हा सराव ढोलकीपासून सुरू करायचा.

एवढं खरं की प्रत्येक ‘नको’ हा स्वभाव किंवा इच्छा नसतो. आवडीच्या गोष्टीला एकाएकी नकार आला तर आधी शरीर बघायचं. डाउन सिंड्रोममध्ये ऐकण्याचे दोष, कानात मळ साठणं आणि थायरॉइड कमी असणं बरंच आढळतं. थायरॉइड कमी झालं की माणूस मंदावतो, कशातच रस राहत नाही, आणि घरचे म्हणतात आळशी झाली. रक्ततपासणी या वर्षी झाली नसेल तर करून घ्या. कान तपासायला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. पाळीचे दिवस, दात, भांडुपहून दादरपर्यंतच्या गर्दीचा शीण, हेही थेरपिस्टना कळवत जा.

घरी वाढलेल्या ‘नको’चं काय करायचं? आधी स्वतःचे प्रश्न तपासा. आपण म्हणतो, ‘गोळी घेतेस ना?’, ‘आंघोळीला जायचं ना?’ खरं तर हे प्रश्न नसतातच, हुकूम असतात. तिला आता प्रश्नाला खरं उत्तर देता येतं हे कळलंय, म्हणून ती ‘नको’ म्हणते. जिथे नकार चालणार नाही तिथे विचारू नका. ‘गोळीची वेळ झाली’ असं सांगा आणि निवड आत ठेवा: पाण्याबरोबर की दुधाबरोबर, आधी गोळी की आधी नाश्ता. आणि जिथे विचारलंत तिथे आलेलं उत्तर पाळा. पंजाबी ड्रेस नको म्हणाली, तर मावशींकडे जुन्या टी-शर्टमध्ये जाऊ द्या. मावशी काय म्हणतील ते म्हणू देत. पहिले काही आठवडे ती सगळ्यालाच नकार देऊन बघेल. नवं हत्यार हाताला लागल्यावर कोणीही तेच करेल. त्या काळात थेरपी बंद करू नका. ‘नको’ ऐकलं जातं याची खात्री पटली की ‘हे नको, ते हवं’ यायला लागतं. तुमच्या घरी ते कधी येईल हे मी सांगू शकत नाही. पण न येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच पाहिलंय: सेशनमध्ये तिचं ऐकतात आणि घरी कोणीच ऐकत नाही.

यावरून कोणी असं समजू नये की स्वनिर्णय म्हणजे सगळं एकटीनं करायचं. या विषयावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे अभ्यासक मायकेल वेमायर यांचा भर यावरच आहे की आपल्या आयुष्यात गोष्टी घडवून आणणारा कर्ता आपण असणं म्हणजे स्वनिर्णय. हात दुसऱ्याचे लागले तरी चालतील. तुमच्या मुलीला पेटीवर चाल वाजवता येत नाही, पण कुठली चाल, किती वेगानं, कधी थांबायचं हे तिनं सांगितलं आणि वाजवलं दुसऱ्यानं, तर ते संगीत तिचंच. वेमायर आणि मिशेल श्वार्ट्झ यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळा संपवलेल्या, बौद्धिक किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या तरुणांचा वर्षभरानं मागोवा घेतला. ज्यांच्यात स्वनिर्णयाची क्षमता जास्त होती, त्यांच्यात पगारी काम करणाऱ्यांचं प्रमाणही जास्त निघालं. ‘आमच्यानंतर हिचं काय’ हा तुमच्या मनात कायम असणारा प्रश्न मला माहीत आहे. त्या उत्तराची तयारी आजच्या ‘नको’तूनच होते आहे.

रागाबद्दल सरळ सांगते. डाउन सिंड्रोमसाठी अमुक राग, ऑटिझमसाठी तमुक राग, सकाळी इतकी मिनिटं, हे सगळं सोडून द्या. रागाची अशी गोळी नसते. शांत वाटावं म्हणून ती स्वतः भूप राग मागत असेल तर लावा, कोळीगीत मागत असेल तर तेही लावा. संशोधनाचं म्हणाल तर चित्र संमिश्र आहे आणि बराचसा अभ्यास ऑटिझम असलेल्या मुलांवर झालाय. २०१७ मध्ये ९ देशांतल्या ३६४ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्स्फूर्त संगीतोपचारानं ऑटिझमच्या लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) २६ अभ्यास आणि १,१६५ व्यक्ती होत्या. त्यात एकंदर सुधारणा आणि जीवनाचा दर्जा यांवर चांगला परिणाम दिसला. मला यात विसंगती वाटत नाही. संगीत निदान पुसून टाकत नाही. त्या निदानासकट जगणं थोडं स्वतःचं करतं. बुद्ध्यांक वाढेल असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

वयाचा मुद्दा निघतोच, म्हणून लिहिते. २६ वर्षांच्या बाईसमोर बडबडगीतं ठेवणं मला खटकतं. केंद्रांमध्ये हे सर्रास चालतं. पण तिनंच अनेक पर्यायांतून बडबडगीत उचललं तर ते काढून घेणंही तितकंच चूक. तिला पर्याय माहीत आहेत का, एवढं बघायचं. जिनं लावणी, गझल, रॅप, कव्वाली कधी ऐकलंच नाही, तिची आवड आपल्याला अजून माहीतच नाही असं धरा.

घरात एक वाद्य तिचं असू द्या. वन रूम किचनमध्ये ढोलकी शेजाऱ्यांना जड जाईल. खंजिरी, टाळ, छोटी कलिंबा (अंगठ्यांनी वाजवायचं वाद्य) चालेल. संध्याकाळी दिवा लावल्यावर कोणती आरती आणि किती कडवी हे तिनं ठरवावं, टाळ तिच्या हातात असावा, आणि ती थांबली की सगळ्यांनी थांबावं. गणपतीत पाहुण्यांसमोरही हेच पाळा, तिथेच ते मोडण्याची शक्यता जास्त. विसर्जनाच्या ढोलताशात तिला आवाज सोसत नसेल तर कानावर घालायचे मफ आणि ‘घरी’ म्हणायची एक खूण आधी ठरवून ठेवा. खूण केली की निघायचं, ‘पाचच मिनिटं’ म्हणायचं नाही. आणि तिच्या गाण्याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला तो दाखवा आणि विचारा. हा माझा आग्रह आहे. आवाज तिचा, चेहरा तिचा.

काम नीट चाललंय का, हे कसं ओळखायचं? आपल्याकडे विशेष शिक्षक किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. संगीतोपचाराची तशी वेगळी वर्गवारी तिथे नाही, त्यामुळे पाटीवर विसंबता येत नाही. थेरपिस्टना विचारा की चार महिन्यांपूर्वी ती स्वतःहून काय सुरू करायची आणि आता काय करते. त्यांच्याकडे नोंदी असायला हव्यात: तिनं स्वतः सुरुवात किती वेळा केली, पर्यायांची जागा बदलल्यावरही तीच निवड राहिली का, नकारानंतर तिनं दुसरं काही सुचवलं का, सेशनचा क्रम कोणी ठरवला. ‘छान प्रगती आहे’ एवढंच उत्तर आलं तर ते पुरेसं नाही. नोंदी नसतील तर त्या ठेवायला सांगा, आणखी तीन महिने द्या, मग ठरवा. त्या आढावा बैठकीला तिला बाहेर बसवू नका. तिच्याबद्दल बोलणं तिच्यासमोर आणि तिच्याशी व्हायला हवं.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मुलगी १८ च्या पुढे असल्यानं आज ना उद्या बँकेत किंवा कुठल्या कार्यालयात कायदेशीर पालकत्वाचा विषय निघेल. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार ते जिल्हा पातळीवरच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं, आणि पालक नेमण्याची गरज आहे का व कोणत्या कामांसाठी आहे हे समितीनं पाहायचं असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं मर्यादित पालकत्व तर ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक काळापुरतं असतं. त्यात निर्णय दोघांनी मिळून, तिच्या इच्छेनुसार घ्यायचा असतो. म्हणून अर्जाची घाई करण्याआधी एक साधी वही घाला. ती काय काय स्वतः ठरवते, कशा खुणेनं सांगते, कुठे मदत लागते, हे तारखेसकट लिहीत जा, आणि थेरपिस्टच्या नोंदींची प्रत त्यात लावत जा. अर्ज करायची वेळ आली तर कोणत्या कामांसाठी पालक हवा आणि कोणत्या कामांसाठी नको, हे त्या वहीवरून लिहिता येईल.